चवड्याचा शेजार

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात एक पाट आहे. दिसायला जेवणाच्या पाटासारखाच, फक्त काचेचा. वर्षातून एकदा गावातल्या प्रत्येकानं त्यावर अनवाणी उभं राहायचं. खालून तळपायाचे फोटो निघतात आणि पाट बोलतो. माझ्या आधीच्या सगळ्यांना तो म्हणाला, "धन्यवाद, पुढच्या वर्षी या." मला म्हणाला, "कृपया पाय धुवून या." धुवून आलो. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मी बाहेरच्या नळावर काथ्यानं पाय घासले आणि पाटाला सांगितलं, की बाबा, मी कुंभार आहे, माझा पाय यापेक्षा स्वच्छ होत नाही. यावर पाट गप्प बसला आणि नर्सबाईंच्या टेबलावरचा पडदा लाल झाला.

उजव्या चवड्यावर, अंगठ्याच्या मुळाशी, चिंचोक्याएवढा काळा डाग होता. तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. दोन वर्षं तिथंच होता. माठ भाजायच्या आव्यातली काजळी भेगेत बसली असेल असं मी धरून चाललो होतो. मातीत काम करणाऱ्याच्या तळपायाला डाग असतातच, ते मोजत कोण बसतं? पाट त्याच वर्षी नवा आलेला, त्याला तेवढंच काम होतं, त्यानं मोजला.

माझं नाव दिनकर कुंभार. वय अठ्ठावन्न. गाव कृष्णाकाठी, मिरजेपासून पाऊण तासावर. ही हकीकत २०४३ सालची. उन्हाळा आता फेब्रुवारीतच बसतो आणि दुपारची वीज जाते, त्यामुळे माठाला पुन्हा बरे दिवस आले आहेत. शहरातली माणसं नाव नोंदवून माठ घेतात. आणि माठ घ्यावा तर दिनकर कुंभाराचा, असं मी स्वतःच पाच गावांत सांगून ठेवलं होतं. त्याला कारण माझा चवडा.

हे जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं यावर आहे. आमच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ज्वारीच्या दाण्याएवढे. माती भिजवा, चाळा, काही करा, ढेकळाच्या पोटात एखादा लपून राहतोच. कच्च्या माठात तो निमूट बसतो. आव्यातही कुरकुर करत नाही. माठ विकला जातो, गिऱ्हाईक घरी नेऊन पाणी भरतं, आणि आठवड्याभरानं हा भाजलेला खडा ओल पिऊन फुगतो आणि माठाचा टवका उडवतो. असा खडा शोधायला अनवाणी पाय लागतो. माती तुडवताना पायाखाली आला तर कळतो, नाहीतर गेलाच. आमच्याकडे माती तुडवून झाली की शेवटचा फेरा माझा असायचा. मी उतरायचो आणि रोज न चुकता एक-दोन खडे काढायचो, जे आधी कुणाला सापडलेले नसायचे. खडा वर धरून शालनला, म्हणजे बायकोला, दाखवायचो. ती म्हणायची, "व्हय की." मग मी आंघोळ करून चाकावर बसायचो.

तर त्याच चवड्यावर डाग निघाला होता.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर रेश्मा मुजावर भेटल्या. वयानं माझ्या मुलापेक्षा, ओंकारपेक्षा, थोड्या मोठ्या असतील. डागाचा कण काढून तपासला होता. त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढली, तेव्हाच मला कळलं की बातमी बरी नाही.

"काका, हा कातडीचा कॅन्सर आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी असतात, त्यांचा. गोऱ्या लोकांना तो उन्हानं पाठीवर, तोंडावर होतो. आपल्याकडे तळपाय, तळहात, नाहीतर नखाखाली."

"कापून टाका," मी म्हणालो. मला वाटलं, चिंचोक्याएवढा तर आहे.

"टाकला असता. पण प्रश्न आता फक्त त्याचा राहिला नाही. शेजाऱ्यांचा आहे."

आणि त्यांनी मला जे सांगितलं ते मी बारावी नापास माणूस असूनही समजलो, यात मोठेपणा त्यांचा. कातडीला दोन मजले असतात म्हणे. वरच्या मजल्यावर ही रंगाची पेशी राहते. खालच्या मजल्यावर विणकर पेशी राहतात. त्या दिवसरात्र बारीक धागे विणतात, त्यामुळे कातडी घट्ट राहते आणि वरचं कुणी खाली उतरत नाही. रोगट झालेली पेशी एकदम खाली उडी मारत नाही. ती आधी शेजारपाजारी पुड्या पाठवते. खऱ्याच पुड्या, डोळ्याला न दिसणाऱ्या, बंद केलेल्या.

"पुडीत काय असतं?"

"हुकूम. वीण सैल करा. वाट करून द्या. खायला पाठवा."

"आणि शेजारी ऐकतात?"

"जो पुडी उघडतो तो ऐकतो. मग तो आपला राहत नाही, तिच्यासाठी राबायला लागतो. त्यानं करून दिलेल्या वाटेनं ती रक्तात उतरते, तिथून फुप्फुसात, मेंदूत. नुसता डाग कापला आणि एखादी पेशी मागे राहिली, तर तिच्यासाठी रस्ता तयारच असतो. म्हणून फितूर झालेले शेजारीही काढावे लागतात. तुमचे बरेच झालेत."

"म्हणजे किती कापायचं?"

त्यांनी माझ्या पायावर बोट फिरवलं. सगळी बोटं आणि चवडा धरून. टाच तेवढी सोडली.

 शालन शेजारी बसली होती, तिनं पदराचं टोक मुठीत धरलं होतं. चाकाला आता मोटर आहे, ते बसून चालवता येतं. माठ करायला चवडा लागत नाही. पण चवड्याशिवाय मी कोण, हे मला त्या खुर्चीत सांगता आलं नसतं. भीती वाटली, आणि मरणाच्या भीतीच्या आधी ही वाटली, हे कबूल करतो.

"दुसरा मार्ग आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला आम्ही कडं म्हणतो. सात-आठ वर्षांपूर्वी लक्षात आलं, की काही माणसांच्या विणकर पेशी पुडी उघडतच नाहीत. आली तशी परत करतात. अशा पेशींचं कडं डागाभोवती बसवलं, तर ते फितुरांनाही हळूहळू ताळ्यावर आणतं. मग फक्त डाग काढायचा, चवडा राहतो."

"मग बसवा की."

"त्या मिळायला हव्यात. विणकर पेशीला आपली जागा आठवते, काका. तळपायाची पेशी काढून बशीत वाढवली तरी ती तळपायाचीच राहते. आणि जागेबरोबर कामही आठवतं. ज्या पायानं वर्षानुवर्षं रोज सारखा दाब घेतला, ओल घेतली, त्याच्या पेशी कुणाचं ऐकत नाहीत. काम सुटलं की चार-पाच वर्षांत विसरतात. काचेत नव्यानं वाढवलेल्या तर काय, सगळ्या पुड्या उघडतात. त्यांनी जग बघितलेलंच नसतं."

"माझ्या डाव्या पायाच्या घ्या. त्यानं काय कमी माती तुडवलीय?"

त्या म्हणाल्या, तेच आधी तपासलं. शंभरातल्या अडतीस पुड्या उघडल्या. कड्याला दहाच्या आत लागतात.

मला राग आला. चाळीस वर्षं मातीत उतरलेला पाय, आणि यंत्र म्हणतं विसरला. मी म्हणालो, यंत्र बिघडलं असेल. डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्यासारखंच काम करणारी माणसं आणा. रोज अनवाणी माती तुडवणारी, कमीत कमी दहा वर्षं. नात्यातलीच हवीत असं नाही, पेशीची ओळख पुसून टाकता येते. पाय कामाचा हवा."

सोबत त्यांनी मातीत उतरायला बंदी केली आणि एक पट्टी दिली. पातळ, चिकटणारी, चवड्यावर लावायची. त्या तिला संवादमापक म्हणत होत्या. शेजारी आज किती पुड्या उघडतायत हे ती दर सकाळी आकड्यात सांगायची. मी तिला चुगलीपट्टी म्हणायचो. पहिल्या दिवशी आकडा होता एकेचाळीस. सत्तरच्या वर गेला तर कड्याचा उपयोग नाही, चवडा काढायचा. डॉक्टरांच्या अंदाजानं हाताशी सहा आठवडे होते.

घरी येऊन मी यादी करायला बसलो. माती तुडवणारी माणसं. चुलतभाऊ दोघं, मामाकडची तिघं, पलूसकडचे पाहुणे, माझा ओंकार. नववीपर्यंत तो माझ्याबरोबर चिखलात असायचा, आता पुण्यात घरं थंड ठेवायच्या कंपनीत आहे. अकराव्या नावापाशी मी थांबलो. ते माझ्या थोरल्या भावाचं होतं. मधुकर अण्णा.

अण्णाचं आणि माझं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. त्यानं माती मळायचं यंत्र घेतलं तेव्हा मी म्हणालो, यंत्राला खडा कळत नाही. त्यावर तो पारावर चारचौघांत म्हणाला, "दिनूचा चवडा म्हणजे निस्ती थाप हाय." तेव्हापासून मी त्याच्या दारावरून जाताना मान वळवायचो. तरी नाव लिहिलं. जीव मोठा असतो.

शालन भाकरी थापत होती. हात धुवून आली, यादी वाचली.

"एवढीच?"

"आनि कोन राहिलं?"

ती जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. "राहिलं न्हाई कोन," म्हणाली आणि पुन्हा चुलीपाशी गेली.

अण्णाकडे मी स्वतः गेलो. तो यंत्राचा पट्टा बदलत होता. मला बघून त्यानं पाना खाली ठेवला.

"पाय पायजे म्हनं माझा."

"कुनी सांगितलं?"

"शालननं. सकाळीच येऊन गेली." त्यानं माझ्या पायातल्या पट्टीकडे बघितलं. "दुखतंय का रं?"

"न्हाई."

"मग तोंड का असं केलंयस?" असं म्हणून त्यानं चहा सांगितला. नऊ वर्षांचा अबोला असा एका चहात संपला. इतक्या स्वस्तात संपेल असं माहीत असतं तर मी आधीच आजारी पडलो असतो.

ठरलेल्या दिवशी आमची अकरा जणांची पलटण मिरजेला उतरली. दवाखान्याच्या त्या चकचकीत बाकावर अकरा पुरुष बूट-चपला काढून, पाय लांब करून बसलेले. येणारी-जाणारी माणसं बघत होती. प्रत्येकजण आत जायचा, चवड्यावरून मोहरीएवढा कण काढायचे, पट्टी लावून बाहेर पाठवायचे. बाहेर आलेला माणूस पेपर चांगला गेल्यासारखा बसायचा. मामाचा मुलगा म्हणाला, "माझाच लागनार बगा, आमची माती लई चिवट." अण्णा म्हणाला, "तू कधी उतरलास रं मातीत? बैल उतरायचे तुमच्यात." अर्धा दिवस असा मजेत गेला. सगळे माझ्यासाठी आले होते. मनातून मला भरून आलं होतं.

दुपारी डॉक्टरांनी आकडे वाचले. अठ्ठावन्न. त्रेसष्ट. पंचावन्न. ओंकारचा एकाहत्तर, म्हणजे पुण्याच्या बुटानं सगळं पुसलं होतं. अण्णाचा एकोणपन्नास, तो सगळ्यांत बरा, पण दहापासून लांबच. बाकावरचे पाय एकेक करून चपलेत गेले. कुणी कुणाकडे बघेना. माझ्या पट्टीनं त्या सकाळी बासष्ट दाखवले होते.

मग डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं आणि मला म्हणाल्या, "एक कळत नाही, काका. यातल्या कुणाच्याच पायानं गेल्या कित्येक वर्षांत रोज माती तुडवलेली नाही. पेशी खोटं सांगत नाहीत. तुमच्या सुद्धा. मग तुमच्याकडे माती तुडवतं कोण?"

"आमीच की," मी म्हणालो. "आमीच तुडवतो."

तेवढ्यात शालन डबे घेऊन आली. अकरा जणांच्या भाकऱ्या घेऊन ती मागच्या एसटीनं एकटीच आली होती. आमच्या बायका करतात तसं तिनं डॉक्टरांच्या दाराबाहेर चपला काढल्या, आत येऊन डबे खाली ठेवायला वाकली आणि उकिडवी बसली. टाचा उचलल्या गेल्या, सगळा भार चवड्यावर.

डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. त्या तिच्या पायांकडे बघत होत्या. चवड्याच्या कडेच्या बारीक भेगांत राखाडी माती बसली होती, कितीही धुतली तरी न निघणारी. माझे पाय महिनाभराच्या बंदीनं स्वच्छ झाले होते. बाकावरचे बाकीचे तर आधीपासूनच स्वच्छ होते.

"काकू, तुम्ही काय करता?"

"मी? घरीच असते."

"मग ही माती?"

"ती व्हय," शालननं लाजल्यासारखं करून पाय साडीखाली घेतले. "माती तुडवायची असती न्हवं सकाळी."

"रोज?"

"रोजच की. सणासुदीला न्हाई."

"किती वेळ?"

"दीड-दोन तास. लगीन झाल्यापासनं."

"अनवाणी?"

"आता मातीत कोन चपला घालून जातंय, डॉक्टरबाई?"

खोलीत माझ्यासकट बारा कुंभार उभे होते आणि प्रत्येकजण आपापल्या स्वच्छ पायांकडे बघत होता. आमच्यात चाकाला बाईचा हात लागत नाही. चाक म्हणजे धंदा, चाकावर बसतो तो कुंभार, असं आम्ही सगळे जन्मापासून धरून चाललेलो. मग माती भिजवणं, चाळणं, तुडवणं, हे सडा-रांगोळीसारखं, उठल्यावर घरात होऊन जाणारं काम. कागदावर 'माती तुडवणारी माणसं' लिहिताना जी बाई समोर भाकरी थापत होती, पहाटे चिखलातून निघून पाय धुवून आलेली, ती मला दिसली नाही. ही चूक माझ्या एकट्याची नव्हती, अकराही जणांच्या घरी तीच. पण यादी माझ्या हातची होती. मला लाज वाटली. सरळ सांगतो.

शालनचा कण तपासला. शंभरातल्या तीन.

डॉक्टरांनी आकडा दोनदा वाचला आणि मग तिच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. आता तिच्या पायाचं काय होणार ते तिला समजावायचं होतं. तिच्या चवड्यातून शर्टाच्या बटणाएवढा तुकडा घ्यावा लागेल. जखम भरेल, पण तीन महिने मातीत उतरायचं नाही. आणि तिथली जाण कमी होईल, कदाचित कायमची.

"जाण म्हंजे?"

"खालचं बारीक-सारीक कळणार नाही, पूर्वीइतकं."

 तिनं दोन्ही पाय पुढे घेतले, बघितले. तिचा चेहरा मी तीस वर्षं बघतोय. ती घाबरली नव्हती. ती काहीतरी तोलत होती, आणि काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

"नको," मी म्हणालो. "ऱ्हाऊ दे. काढू दे माझा चवडा. बसून चाक फिरवता येतंय."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. मग डॉक्टरांना म्हणाली, "डावा घ्या. उजवा मला लागतो."

नर्सबाई फॉर्म भरायला आल्या. नाव, वय, गाव. "व्यवसाय?"

"घरकाम," शालन सवयीनं म्हणाली.

"कुंभारकाम लिहा," मी म्हणालो.

"काका, तुमचा नाही, काकूंचा विचारतेय."

"तिचाच सांगतोय."

शालननं माझ्याकडे बघितलं नाही. पण परत येताना एसटीत खिडकीशी बसून ती एकदाच बोलली. "यादी करताना इचारलं का न्हाई मला?"

"सुचलंच न्हाई."

"व्हय," ती म्हणाली. "ते कळलं मला तवाच." एसटी विनाचालक होती, पुढच्या काचेतून रस्ता आपला आपण येत होता. गाव जवळ आल्यावर तिनं डबा उघडून मला उरलेली भाकरी दिली. मी खाल्ली.

जानेवारीत दोघांचीही शस्त्रक्रिया झाली, आधी तिची, दोन आठवड्यांनी माझी. मधल्या दिवसांत तिच्या पेशी वाढवल्या, त्यांची ओळख पुसली, आणि डाग काढून त्याच्या भोवती त्यांचं कडं बसवलं. मग मी रोज उठून चुगलीपट्टी बघायचो. माझ्या शस्त्रक्रियेच्या सकाळी सहासष्ट होते. आठव्या दिवशी बावन्न. महिन्यानं तीस. पुड्या येत होत्या आणि दारातून परत जात होत्या. वर सुटून राहिलेल्या दोन-चार रोगट पेशींना शेजार मिळेना, आणि शेजाराशिवाय त्या टिकत नाहीत असं डॉक्टर म्हणाल्या. होळीला आकडा नऊ झाला, पाडव्याला तीन. तीनवर तो थांबला, म्हणजे शालनच्या आकड्यावर. फुप्फुसं, यकृत, सगळं तपासलं. बरं झालं असं या डॉक्टर लोकांच्या तोंडून निघत नाही. "शांतता आहे," त्या म्हणाल्या. आम्ही तेवढ्यावर पेढे वाटले.

पण त्या तीन महिन्यांत धंद्याचं हसं झालं. आम्ही दोघंही एकेका पायाला बूट चढवून बसलेलो, म्हणून अण्णानं यंत्रातली मळलेली माती पाठवली. भाऊ म्हणून पाठवली, नको कसं म्हणणार? मी माठ केले, ओंकारनं रजा काढून आवा लावला. मार्चमध्ये गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. टवके उडायला लागले होते. डॉक्टर मुजावरांना मी मोठ्या मानानं माठ दिला होता, त्याचाही उडाला. अण्णा एक फुटका माठ हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत होता.

"यंत्राला खडा कळत न्हाई," तो शेवटी म्हणाला. नऊ वर्षांनी म्हणाला, पण म्हणाला.

एप्रिलमध्ये परवानगी मिळाली. पहिल्या दिवशी शालन पहाटे मातीत उतरली. या वेळी मी अंथरुणात नव्हतो, ओट्यावर बसून बघत होतो. तीस वर्षांत मी हे कधी पूर्ण बघितलंच नव्हतं. ती मधून सुरुवात करते, गोल गोल बाहेर येते, एका पावलावर दुसरं पाऊल निम्मं चढवत. मधेच थांबते, अंगठ्यानं काहीतरी उचलते, बाजूला फेकते, पुढे जाते. दीड तासात तिनं सतरा खडे काढले. मी मोजले. डाव्या पायाला कमी कळतं म्हणून ती प्रत्येक जागा पुन्हा उजव्यानं बघत होती.

मग माझा शेवटचा फेरा. गार माती बोटांतून वर आली आणि अंगावर काटा आला. नव्या कड्याची जागा जरा घट्ट लागत होती. मी सावकाश फेरा पुरा केला. एकही खडा लागला नाही. दुसरा फेरा केला. नाही. तिसरा केला, अगदी हळू. काही नाही.

दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चवडा वाचला, पण त्यातली जाण गेली, असं मी धरून चाललो. कुणाला बोललो नाही. जेवण जाईना. चौथ्या दिवशी तुडवून झाल्यावर मी तसाच मातीत उभा राहिलो आणि शालनला म्हणालो, "गेला माझा चवडा. एक खडा सापडंना झालाय."

ती पाय धूत होती. तिनं तांब्या खाली ठेवला.

"असला तर सापडंल न्हवं."

"म्हंजे?"

"आदी रोज दोन ठिवायची मी. तुमच्यासाठी." तिनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, जणू चहात साखर किती घालते ते सांगत होती. "नवीन लगीन झालेलं, पयल्या दिवशी तुमी उतरला आनि काईच सापडलं न्हाई. दिवसभर तोंड पाडून बसला. चाकावर दोन माठ मोडलं. म्हनलं, ह्येला रोज एक-दोन घावलं तर बरं."

"तीस वर्षं?"

"सवय झाली मग."

मला अण्णाचं पारावरचं बोलणं आठवलं. निस्ती थाप. त्याच्या घरीही एक बाई पहाटे उठत होती, तिनं ठेवलेला खडा त्याला कधीतरी कळला असेल.

"आनि न्हाई घावला तर?"

"पानी शिपडायच्या निमतानं मी काढायची. तुमास्नी दहातनं सा येळा घावायचा. वाईट न्हाई." ती हसली. "आता ठिवत न्हाई."

"का?"

"आता माझाच तुकडा हाय न्हवं तुमच्या पायात. त्याला काय फसवायचं?"

मी चिखलात घोट्यापर्यंत उभा होतो. राग यायला हवा होता, पण आलं हसू. आधी मी हसलो, मग ती, आणि मग मला रडू आलं, ते तिनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. डॉक्टरांना तिनं 'उजवा मला लागतो' का सांगितलं होतं, त्या दिवशी ती काय तोलत होती, ते मला तेव्हा कळलं. ती आमच्या घरचे माठ तोलत होती.

मी म्हणालो, "उद्यापासनं चाकावर बस तू. कोन काय म्हनतंय बघू."

"नको बाई. बसून बसून पाठ धरती त्यानं. चाक तुमचंच ठिवा." तिनं पाय पुसले. "शेवटचा फेरा मला द्या. त्यो मला आवडंल."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या आधी उठलो आणि मातीत उतरलो. दीड तास लागायचं ते मला अडीच तास लागले. कंबर मोडली. नऊ खडे काढले, सगळे खरे. मग खिशातून तीन चुनखडीचे खडे काढले, कालचेच, आणि ढिगात तीन वेगवेगळ्या जागी दाबून टाकले. वरून पाय फिरवून माती सारखी केली.

शालन आली, साडी खोचून उतरली. मी ओट्यावर बसलो आणि दुसरीकडेच बघत राहिलो. तिनं एकच फेरा केला, सावकाश. पहिला काढला. दुसरा काढला. तिसरा काढून माझ्याकडे वर धरला, आणि मी म्हणालो, "व्हय की."

मग ती आणखी दोन पावलं चालली, थांबली, वाकली, आणि तिनं चौथा काढला.